जुन्या हौद्याची मुक्कामगाडी

शेतकऱ्याच्या दारांत पडलेली निरुपयोगी वस्तु सहसा फुकट जात नाहीं. मोटारीच्या तुटक्या कमानीचा लोहार कोयता करितो, रिकाम्या पिंपांतून गुरें पाणी पितात, आणि ज्या चाकाची धाव गेली तें चाकही कोठें ना कोठें उपयोगीं पडतें. अलीकडे आमच्या कांहीं वाचकांनीं असें विचारलें आहे कीं, पिकअप मोटार मोडीत निघाली, परंतु तिचा मागील हौदा धड आहे. त्यास चाकें व दांडी लावून लांबच्या शेतावर अगर डोंगरांत चार दिवस राहतां येईल अशी गाडी करणें शक्य आहे काय? अमेरिकेंत असा उद्योग करणारे गृहस्थ पुष्कळ आहेत. तेथें तो कसा चालतो, त्यांतील यांत्रिक तत्त्व कोणतें, आणि आमच्या शेतकऱ्यानें त्यांतून काय घ्यावें, हें या लेखांत सांगण्याचा आमचा विचार आहे.

आरंभींच एक गोष्ट सांगून ठेवितों. या कामांत हौदा ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी महत्त्वाची वस्तु होय. तो डोळ्यांत भरतो म्हणून नवशिका मनुष्य त्यावर रंग चढवितो, कपाटें सजवितो, दिवे बसवितो, आणि खालच्या सांगाड्याचा व भाराचा विचार शेवटीं करितो. गाडी सुखरूप घरीं येईल कीं नाहीं, हें त्या शेवटच्या विचारावर अवलंबून असतें. तो विचार प्रथम झाला पाहिजे, एवढेंच या लेखाचें सार आहे.

ही कल्पना कोठून आली

चाकांवरचें घर ही कल्पना अमेरिकेंत नवी नाहीं, आणि ती शेतकरी वर्गांतूनच आली आहे. वायोमिंग प्रांतांतील मेंढपाळ कळपाबरोबर महिनेच्या महिने उघड्या माळावर राहत. त्यांच्यासाठीं रॉलिन्स गांवच्या जेम्स कँडलिश नांवाच्या लोहारानें १८८४ च्या सुमारास पहिली मेंढपाळगाडी बांधली, असें सांगतात. पुढें दार, दाराशेजारीं शेगडी, दोन्ही बाजूंस बसण्याचीं बाकें, मागें आडवा पलंग आणि वर कमानदार कापडी छत, अशी तिची मांडणी होती. आजही लहान मुक्कामगाडीची मांडणी याहून फारशी वेगळी नसते.

दुसऱ्या महायुद्धांत जीप गाडीमागें जोडण्यासाठीं पाव टनी दुचाकी ट्रेलर तयार झाले. जीपचा पहिला नमुना १९४० सालीं ज्या बँटम कंपनीनें केला, तिला जीपचें मोठें काम मिळालें नाहीं. तें विलिस व फोर्ड यांच्याकडे गेलें, आणि बँटमच्या वांट्यास हे ट्रेलर आले. त्यांत ५०० पौंड माल मावे. पेटी पाणबंद असल्यामुळें ओढा ओलांडतांना ती तरंगे, व आंत आलेलें पाणी काढण्यास तळाशीं बूच असे. चाकें जीपच्याच मापाचीं व त्याच अंतरावर बसविलेलीं असत. या शेवटच्या गोष्टीचें महत्त्व पुढें येईल.

त्या देशांत अशा गाड्यांस मागणी असण्याचें कारण जमिनीच्या व्यवस्थेंत आहे. पश्चिमेकडील प्रांतांत राष्ट्रीय वनें आणि संघ सरकारच्या भूमि-व्यवस्थापन खात्याच्या जमिनी अफाट पसरलेल्या आहेत. तेथें पुष्कळ ठिकाणीं कोणासही तळ देऊन राहतां येतें. मुदत बहुधा १४ दिवसांची असते. मात्र तेथें नळ नाहीं, वीज नाहीं, आणि वाट म्हणजे केवळ चाकोरी. अशा वाटेनें जाण्यास दुकानांत मिळणारी नाजूक मुक्कामगाडी उपयोगी पडत नाहीं, म्हणून लोक आपली गाडी आपणच बांधितात.

हौद्याची निवड

या कामास जो हौदा विशेष पसंत केला जातो, तो साधा उघडा हौदा नव्हे. वीज, टेलिफोन व नळ यांचीं कामें करणाऱ्या कंपन्यांच्या पिकअप मोटारींवर एक निराळ्याच जातीचा हौदा असतो. मधें सपाट जागा, आणि दोन्ही बाजूंस बाहेरून उघडणारीं, कुलूप लागणारीं कपाटें. कारागिरानें खालीं उभें राहूनच हत्यार काढावें, अशी त्याची योजना असते. या कंपन्या ठराविक काळानें आपल्या मोटारी लिलावांत काढितात. त्या वेळीं इंजिन थकलेलें असतें, परंतु हौदा अजून दहा वर्षें चालेल असा असतो. हींच कपाटें मुक्कामगाडींत भांडीं, शिधा व हत्यारें ठेवण्यास तयार मिळतात, आणि सुताराचा अर्धा खर्च वांचतो.

असा हौदा पोलादाचा, अल्युमिनियमचा किंवा कांचतंतूंचा असतो. आठ फूट लांबीचा पोलादी हौदा ४०० ते ५०० किलोंच्या घरांत जातो. अल्युमिनियमचा त्याहून पुष्कळ हलका असतो. पोलादी हौदा घेतांना कपाटांचे तळ, चाकांवरील पत्रा व बिजागऱ्यांच्या जागा हातोडीनें ठोकून पाहाव्या. जेथें आवाज बद्द येतो तेथें रंगाखालीं गंज आहे असें समजावें. उत्तरेकडील प्रांतांत हिंवाळ्यांत रस्त्यावरील बर्फ वितळविण्यासाठीं मीठ टाकितात, त्यामुळें तिकडील पत्रा फार लवकर खातो. कांचतंतूंच्या हौद्यास गंज नाहीं, परंतु बोल्टाच्या भोकांभोंवतीं तडे गेले आहेत काय हें पाहावें.

विकत घेतलेला हौदा धुतल्यावांचून आंत अन्न ठेवूं नये. त्यांत पूर्वीं तेलें, आम्ल वा औषधें ठेवलेलीं असतात, व जुन्या रंगांत शिशाचा अंश असूं शकतो. म्हणून तो रंग कोरडा घांसून धूळ उडवूं नये.

सांगाडा व दांडी

सांगाडा दोन रीतींनीं मिळतो. पहिली रीत अशी कीं, मोटारीचाच सांगाडा चालकाच्या खोलीमागें कापावा आणि पुढील टोंकें आंत वळवून दांडी करावी. यांत कमानी व आंस जागच्या जागीं मिळतात. परंतु तो सांगाडा जड असतो, आणि मागील आंसांतील दंतचक्रांचा गोळा निष्कारण ओढावा लागतो. तो ठेवावयाचा झाल्यास त्यांतील तेल मात्र काढून टाकूं नये. इंजिन नसलें तरी चाकांबरोबर आंतलीं चक्रें फिरतात, व पुष्कळ मोटारींत चाकाच्या बेअरिंगलाही तेंच तेल मिळतें. शिवाय त्या कमानी मोटारीच्या पूर्ण भारासाठीं केलेल्या असतात. हलक्या गाडीखालीं त्या दबत नाहींत, आणि गाडी खड्ड्यांतून बेडकासारखी उड्या मारीत जाते. अशा वेळीं कमानीचे कांहीं पाटे काढावे लागतात.

दुसरी रीत म्हणजे नवा सांगाडा करणें. त्यास ४ इंच × २ इंच मापाची चौकोनी पोलादी नळी घेतात. तिची जाडी भार पाहून १/८ ते ३/१६ इंच ठेवितात. हौदा हलका व वाट बिकट असेल, तर हीच रीत आम्हांस अधिक पसंत आहे.

दांडी जेथें सांगाड्यास मिळते, तेथें सर्वांत अधिक ताण येतो. म्हणून दोन बाहूंची त्रिकोणी दांडी करावी. आणि ते बाहू पुढच्या आडव्या नळीस नुसते चिकटवून न थांबतां हौद्याखालून मागें, कमानींच्या जोडापर्यंत न्यावे. नळीच्या वरच्या अगर खालच्या अंगास आडवें वेल्डिंग करूं नये, व तेथें भोंकही पाडूं नये. तडा तेथूनच सुरू होतो. दांडी बेताची लांब असावी. आंखूड दांडीची गाडी मागें घेतांना क्षणांत आडवी होते, व तिचा कोपरा मोटारीस लागतो.

वेल्डिंगसंबंधानें आणखी दोन सूचना आहेत. जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्यावर वेल्डिंग करण्यापूर्वीं मुलामा घांसून काढावा. त्याच्या धुरानें थंडी वाजून ताप भरतो. आणि अल्युमिनियमचा हौदा पोलादी सांगाड्यावर प्रत्यक्ष टेकवूं नये. दोन भिन्न धातूंमध्यें ओल शिरली कीं अल्युमिनियम खाऊं लागतें. मध्यें रबराची पट्टी घालावी.

आंस व चाकें

आमच्या गाडीवाटेवर चाकोरी पडते, आणि त्या चाकोरींत न बसणारी गाडी बैलांस फार त्रास देते, हें कोणत्याही शेतकऱ्यास सांगावयास नको. तेंच येथें आहे. मागच्या गाडीच्या चाकांमधील अंतर पुढच्या मोटारीइतकेंच ठेवावें. मग मोटारीनें दाबलेल्या मातींतून मागचीं चाकें जातात व ओढ कमी लागते. चाकें व टायर मोटारीच्याच मापाचे ठेवावे, म्हणजे एक सुटें चाक दोहोंस चालतें. जीपच्या ट्रेलरांत हेंच केलें होतें, आणि आडरानांत त्याची किंमत कळते.

गाडी उंच करण्यासाठीं कमानी आंसाच्या वर बसवितात. त्यानें दगडगोटे टळतात खरे, परंतु भाराचा मध्यही वर जातो, व उतारावर गाडी कलंडण्याचें भय वाढतें. मोटारीचें पोट जितकें उंच, तितकेंच गाडीचें ठेवावें. अधिक उंचीपासून लाभ नाहीं. जेथें मोटारच अडणार, तेथें मागची गाडी उंच असून काय उपयोग?

तुंब्यांतील बेअरिंगकडे फार दुर्लक्ष होतें. वर्षांतून एकदां तीं काढून, धुवून, नवें वंगण भरावें. बसवितांना चाक फिरवीत नट आवळावा, मग सैल करून केवळ बोटांनीं लागेल इतकाच घट्ट ठेवावा, व खीळ घालून टोंकें वांकवावीं. लांबच्या दौडीनंतर तापलेला तुंबा लगेच ओढ्याच्या थंड पाण्यांत घालूं नये. आंतली हवा एकदम आकसते आणि पाणी व वाळू आंत ओढली जाते. ओढ्याकांठीं थोडा वेळ थांबावें. बैलही तापलेले असतां आपण तसेंच करितों.

भाराची तोलणी

आतां मुख्य विषयाकडे वळूं. दुचाकी बैलगाडी भरतांना शेतकरी पोतीं कोठें ठेवावीं याचा विचार करितो. माल मागें अधिक झाला तर गाडी उलाळते व जूं वर उचललें जातें. पुढें अधिक झाला तर बैलांच्या मानेवर ओझें येतें. म्हणून तो थोडासा भार जुंवावर ठेवितो. मोटारीमागील गाडीस हाच नियम लागू आहे. फरक एवढाच कीं, येथें त्याचें माप ठरलेलें आहे. अमेरिकेंतील रीतीप्रमाणें भरलेल्या गाडीच्या एकंदर वजनाचा शेंकडा १० ते १५ इतका भार जोडणीवर पडला पाहिजे.

भार याहून कमी असला तर काय होतें? हळू चालतांना कांहींच होत नाहीं, आणि हाच धोका आहे. वेग वाढला, वाऱ्याचा झोत आला अगर बाजूनें मोठा ट्रक गेला, कीं गाडीचें शेंपूट डुलूं लागतें. एका मर्यादेपर्यंत हें डुलणें आपोआप थांबतें; त्यापुढील वेगांत प्रत्येक हेलकावा आधींच्याहून मोठा होत जातो, आणि शेवटीं गाडी मोटारीस ओढून आडवी पाडते. बैलाची मान हा एक जिवंत कांटा आहे. उलाळ भार तिला लगेच कळतो, व बैल बिथरून धन्यास सांगतो. मोटारीस मान नाहीं. चालकास कळतें तेव्हां वेळ गेलेली असते. असा प्रसंग आलाच, तर सुकाणूचें चक्र जोरानें फिरवूं नये व मोटारीचा ब्रेक एकदम दाबूं नये. चक्र सरळ धरून वेग आपोआप उतरूं द्यावा. मागच्या गाडीचा ब्रेक हातानें स्वतंत्र लावण्याची सोय असेल, तर तेवढा हलके लावावा.

जोडणीवरचा भार किती पडेल, हें कागदावर आधीं काढतां येतें. रीत तराजूचीच आहे. प्रत्येक वस्तूचें वजन आंसापासून तिच्या अंतरानें गुणावें. आंसाच्या पुढचे गुणाकार जमा, मागचे वजा. बाकी राहील तिला आंसापासून जोडणीपर्यंतच्या अंतरानें भागावें. समजा, जोडणी आंसाच्या ३ मीटर पुढें आहे, आणि गाडी येणेंप्रमाणें भरली आहे:

अल्युमिनियमचा हौदा, सांगाडा व चाकें मिळून ६२० किलो, भाराचा मध्य आंसाच्या ०.१५ मीटर पुढें : जमा ९३
पाणी ८० किलो, ०.३० मीटर पुढें : जमा २४
विजेची बॅटरी व हत्यारें ५० किलो, १.०० मीटर पुढें : जमा ५०
गॅसची टाकी २० किलो, दांडीवर १.७५ मीटर पुढें : जमा ३५
छतावरील राहुटी ६० किलो, ०.१० मीटर पुढें : जमा ६
अंथरूण व शिधा ८५ किलो, ०.४० मीटर पुढें : जमा ३४
स्वयंपाकाचें कपाट ४५ किलो, १.२० मीटर मागें : वजा ५४
सुटें चाक ४० किलो, १.४० मीटर मागें : वजा ५६

एकंदर वजन १००० किलो; बाकी १३२. तीस ३ नें भागितां ४४ किलो येतात, म्हणजे शेंकडा साडेचारही नाहींत. ही गाडी दिसावयास सुंदर असेल, परंतु मोठ्या रस्त्यावर ती नेणें म्हणजे जिवाशीं खेळ आहे. आतां सुटें चाक मागच्या दारावरून काढून पुढें १.४० मीटरवर बांधिलें, तर वजा ५६ जाऊन जमा ५६ येतात. बाकी २४४ होते व जोडणीवर ८१ किलो पडतात. अजून शेंकडा ८ च. मग आंस १० सेंटिमीटर मागें सरकवावा. त्यामुळें प्रत्येक वस्तु आंसाच्या तितकी पुढें येते, बाकी ३४४ होते, जोडणीचें अंतर ३.१० मीटर होतें, आणि भार १११ किलो येतो, म्हणजे शेंकडा ११. हातभर नव्हे, केवळ चार बोटांच्या सरकण्यानें ३० किलोंचा फरक पडला. परंतु हें सरकविणें वेल्डिंगच्या आधीं फुकट आहे, व नंतर त्यास सांगाडा कापावा लागतो.

पाण्याची जागाही याच हिशेबानें ठरते. पाणी आंसाजवळ असल्यामुळें तें सर्व संपलें तरी गाडी ९२० किलो व जोडणीवरचा भार सुमारें १०१ किलो राहतो, प्रमाण तेंच. हीच टाकी सोयीसाठीं मागें, स्वयंपाकाच्या कपाटाखालीं ठेविली असती, तर भरल्या टाकीनें जोडणीवरचा भार सुमारें ७२ किलोंवर, म्हणजे शेंकडा ७ वर आला असता. जी वस्तु वाटेंत संपते ती आंसाजवळ ठेवावी, हा नियम लक्षांत ठेवण्याजोगा आहे.

हा हिशेब झाल्यावरही भरलेली गाडी वजनकांट्यावर न्यावी, आणि जोडणीचें टोंक नेहमींच्या उंचीवर ठेवून त्याचें वजन निराळें घ्यावें. मोटारीची जोडणी किती भार सोसते, हें तिच्या माहितीपुस्तकांत दिलेलें असतें. तें न पाहतां गाडी जोडूं नये.

जोडणी व ब्रेक

साधी जोडणी म्हणजे मोटारीकडील गोळा व त्यावर बसणारी गाडीकडील उखळी. सपाट रस्त्यास ती पुरे. खांचखळग्यांत मात्र मोटार एकीकडे व गाडी दुसरीकडे कलते, आणि उखळी अडकून वांकते किंवा सुटते. म्हणून तेथें सर्व दिशांनीं फिरणारी जोडणी वापरितात. लष्करी ट्रेलरांत आंकडा व कडें असतें. जोडणी कोणतीही असो, दोन सांखळ्या तिच्याखालून एकमेकींस ओलांडून बांधाव्या. जोडणी सुटली तरी दांडी त्या झोळींत पडते व रस्त्यांत रुतत नाहीं.

ब्रेकांविषयीं अमेरिकेंतील प्रांतांचे नियम निरनिराळे आहेत. पुष्कळ ठिकाणीं ३००० पौंडांवरील गाडीस ब्रेक सक्तीचे आहेत, कॅलिफोर्नियांत १५०० पौंडांपासूनच. परंतु घाटांतील उतार कायद्याचें पुस्तक वाचीत नाहीं. वर दाखविलेल्या हजार किलोंच्या गाडीस आम्ही ब्रेकांवांचून डोंगरांत नेणार नाहीं. गाडी सुटल्यास तिचा ब्रेक आपोआप लागेल अशी तारही जोडावी.

राहण्याची सोय

या भागांत प्रत्येकाची आवड निराळी. आम्ही फक्त जेथें जिवास अपाय आहे तेवढेंच सांगतों. स्वयंपाकाचा गॅस हवेहून जड असतो. तो गळला तर खालीं साचतो. म्हणून टाकी बाहेर, दांडीवर असावी, व शेगडीच्या कपाटास तळाशीं झरोका असावा. ऊब येण्यासाठीं बंद राहुटींत शेगडी अगर कोळसे कधींही ठेवूं नयेत. त्यांतून निघणाऱ्या विषारी वायूस वास नाहीं, आणि निजलेला मनुष्य जागा होत नाहीं. पिण्यास व स्वयंपाकास माणशीं दररोज सुमारें ४ लिटर पाणी धरावें; वरील ८० लिटर चार माणसांस पांच दिवस पुरतात. चालत्या गाडींत मनुष्य बसवूं नये, मग वाट कितीही थोडी असो.

आमच्याकडे काय करावें

आतां वाचकांच्या मूळ प्रश्नाचें उत्तर. अशी गाडी बांधणें शक्य आहे. ज्या गांवीं चांगला वेल्डर आहे तेथें अवघडही नाहीं. परंतु भारतांत रस्त्यावर ओढावयाचा ट्रेलर हें १९८८ च्या मोटार वाहन कायद्याखालीं नोंदणी लागणारें वाहन आहे, आणि मोटारीच्या मूळ बांधणींत मनास येईल तसा बदल करण्यास तोच कायदा मना करितो. म्हणून पत्रा कापण्यापूर्वीं परिवहन कार्यालयांत जाऊन काय चालेल व काय नाहीं, तें लेखी विचारून घ्यावें. मोडीच्या मोटारीचे कागद रीतसर रद्द झाले आहेत काय, हेंही पाहावें. आधीं खर्च व मागून चौकशी, हा क्रम महाग पडतो.

ज्यांस अशी गाडी बांधावयाची नाहीं, त्यांसही वरील हिशेब परका नाहीं. आमच्या खेड्यापाड्यांतून ट्रॅक्टरमागें दुचाकी ट्रॉली चालते. तिच्यांत ऊस अगर वाळू मागें अधिक भरली, तर ट्रॅक्टरचीं मागलीं चाकें हलकीं होऊन जागींच फिरतात, व उतारावर ब्रेक धरीत नाहीं. पुढें फार भरली, तर चढावर ट्रॅक्टरचें तोंड उचलतें आणि सुकाणू हातांत राहत नाहीं. हे दोन्ही अपघात नशिबाचे म्हणून सांगितले जातात. वस्तुतः ते भरणाऱ्याच्या हातचे असतात, आणि दहा मिनिटांच्या विचारानें टळण्यासारखे असतात.

आमच्या वडिलांनीं गाडी भरतांना जूं हातानें उचलून पाहण्याची संवय ठेविली होती. त्यांस गुणाकार येत नव्हता, तरी उत्तर येत होतें. आज ओढणारें जनावर बदललें आहे, वेग दसपट झाला आहे, आणि मान जाऊन लोखंडी गोळा आला आहे. तेव्हां हातानें उचलून पाहण्याच्या जागीं कांट्यानें तोलून पाहावें, इतकाच बदल करावयाचा आहे. हौदा जुना असो वा नवा, हौसेचा असो वा उसाचा, भार कोठें पडतो हें पाहिल्यावांचून ज्याची गाडी वाटेस लागत नाहीं, त्याच्या घरचीं माणसें निर्धास्तपणें वाट पाहतात.